साठची बाटली, पन्नास मिली लिक्विड: ब्रिटनच्या व्हेपरांनी नियमाला दिलेलं उत्तर

२०१७ च्या उन्हाळ्यात मी उत्तर इंग्लंडमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. घरमालक साठी ओलांडलेला, बसचालक म्हणून निवृत्त झालेला. तीसेक वर्षं सिगारेटी फुंकून शेवटी व्हेपवर, म्हणजे बॅटरीने लिक्विड तापवून त्याची वाफ ओढायच्या यंत्रावर, स्थिरावलेला. शनिवारी सकाळी तो स्वयंपाकघरातला ओटा पुसायचा, वर्तमानपत्र अंथरायचा आणि दोन बाटल्या शेजारी-शेजारी मांडायचा. एक मोठी, एक छोटी. मोठीत साठ मिली मावायचे, पण भरलेली पन्नासपर्यंतच. बुचाखालचं चोचीचं टोपण नखाने उचकटायचं, छोटीतलं पाण्यासारखं लिक्विड पूर्ण पिळून मोठीत घालायचं, टोपण दाबून बसवायचं आणि मग दोन-तीन मिनिटं बाटली जोरजोरात हलवायची, आपल्याकडे पोराला खोकल्याचं औषध देण्याआधी हलवतात तशी. वर मार्करने तारीख. "आता मुरू दे एक दिवस," असं म्हणून ती कपाटात. लोणच्याची बरणी ठेवावी इतक्या मायेने.

औषधांच्या नियमनाचं काम करणाऱ्या माणसाला हे दृश्य बघून गप्प बसवेना. मी विचारलं, तयार मिसळलेली बाटली का घेत नाहीस? तो म्हणाला, "सरकारने बंद केली. म्हणून सरकारला आवडेल अशी घेतो आणि मला आवडेल अशी करतो." पुढची कित्येक वर्षं मी हे प्रकरण अधूनमधून चाळत राहिलो, त्याची सुरुवात या वाक्यापासून झाली.

आधी वाद चार मिलिग्रॅमचा होता

आज आपण ज्याला व्हेप म्हणतो ते होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास बनवलं आणि पुढच्या तीन-चार वर्षांत ते युरोपात पोचलं. सुरुवातीला त्याच्यासाठी वेगळा कायदाच नव्हता. १९ डिसेंबर २०१२ ला युरोपीय आयोगाने तंबाखूविषयक निर्देशाचा, म्हणजे तेव्हा ब्रिटनसकट सगळ्या सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायच्या नियमाचा, नवा मसुदा मांडला आणि त्यात एक कलम घातलं: प्रति मिली ४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन असलेलं लिक्विड औषध मानायचं, म्हणजे औषधासारखा परवाना काढल्याशिवाय विकायचं नाही. तेव्हाच्या क्षीण बॅटऱ्यांवर नुकती सिगारेट सोडलेला माणूस १८ किंवा २४ च्या लिक्विडवर असायचा. चारच्या वर औषध म्हणजे व्यवहारात जवळजवळ सगळंच औषध.

व्हेपर पहिल्यांदा संघटित झाले ते इथे. यांच्यामागे कामगार संघटना नव्हती, पक्ष नव्हता. बहुतेक मंडळी चाळिशी-पन्नाशीची, कधी खासदाराला पत्र न लिहिलेली. त्यांनी युरोपीय संसदेच्या सदस्यांना पत्रं आणि ईमेल लिहायला घेतले. मजकूर साधारण एकच: मी इतकी वर्षं सिगारेट ओढत होतो, निकोटीनच्या पट्ट्या झाल्या, च्युइंगगम झालं, काही सुटलं नाही, याने सुटली. छापील नमुना सह्या करून पाठवण्यापेक्षा अशा हजार वेगवेगळ्या कहाण्या सदस्यांच्या टपालात येणं जास्त भारी पडतं. ८ ऑक्टोबर २०१३ ला युरोपीय संसदेने सरसकट औषध ठरवण्याची तरतूद फेटाळली.

विजय साजरा झाला, आणि इथेच ही मंडळी गाफील राहिली असं माझं मत आहे. संसदेच्या मतदानानंतर आयोग, संसद आणि सदस्य देशांची सरकारं अशा तिघांची बंद दाराआड वाटाघाट होते. खरी कलमं तिथे लिहिली जातात. डिसेंबर २०१३ मध्ये त्या खोलीतून जे बाहेर आलं ते म्हणजे पुढे गाजलेलं कलम २०. औषध नाही, पण मोकळीकही नाही. संसदेने ते २६ फेब्रुवारी २०१४ ला मंजूर केलं, ३ एप्रिलला निर्देश निघाला आणि सदस्य देशांना अंमलासाठी २० मे २०१६ पर्यंत मुदत मिळाली.

आकडे असे. निकोटीन जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम प्रति मिली. लिक्विडची बाटली १० मिलीपेक्षा मोठी नको. यंत्रातली टाकी २ मिलीपेक्षा मोठी नको. बाटलीला पोरांना उघडता येणार नाही असं झाकण हवं, आत माहितीपत्रक हवं, आणि पुढच्या-मागच्या दोन्ही बाजूंच्या ३० टक्के जागेवर निकोटीन व्यसन लावतं हा इशारा हवा. बाजारात आणण्याच्या सहा महिने आधी प्रत्येक उत्पादनाची माहिती सरकारला कळवायची; ब्रिटनमध्ये औषधांवर देखरेख करणाऱ्या एमएचआरए या संस्थेला. वर्तमानपत्रं, रेडिओ, टीव्हीवरच्या जाहिराती बंद.

यातलं सगळं वेडगळ होतं असं व्हेपर सांगत, ते मला पटत नाही. निकोटीन हे विष आहे, आणि आंब्याच्या वासाची बाटली दोन वर्षांच्या पोराच्या हाती लागली तर एका बाटलीत किती विष असावं याला मर्यादा घालणं शहाणपणाचंच. झाकणाबद्दल तर वादच नको. पण २० हा आकडा सिगारेटीइतकं निकोटीन मिळायला पुरतो, असं निर्देशाच्या प्रस्तावनेत लिहिलं होतं आणि ज्यांच्या अभ्यासाचा आधार दिला त्यांच्यापैकीच काही शास्त्रज्ञांनी आयोगाला कळवलं की आमच्या कामाचा तुम्ही उलटा अर्थ लावलात. रोज दोन पाकिटं ओढणाऱ्याला तेव्हाच्या यंत्रावर २० मध्ये भागत नव्हतं. ज्याची सिगारेट सुटायला सर्वांत अवघड, नेमका तोच या नियमाच्या बाहेर राहिला.

कोर्ट, लॉर्ड्स आणि फ्रीझर

नियमाविरुद्धची उघड लढाई चार आघाड्यांवर झाली आणि चारही ठिकाणी हरली.

युरोपभर नागरिकांच्या सह्यांची मोहीम काढली. दहा लाख सह्या हव्या होत्या, त्याच्या आसपासही पोचली नाही. ब्लॅकबर्नच्या टोटली विकेड या कंपनीने, कागदोपत्री नाव पिलबॉक्स ३८, थेट कलम २० ला आव्हान दिलं. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं. कंपनीचं म्हणणं होतं की कमी घातक वस्तूवर सिगारेटीपेक्षा जाचक अटी घालणं प्रमाणाला धरून नाही. ४ मे २०१६ ला, म्हणजे अंमलाच्या पंधरवडाभर आधी, न्यायालयाने ते फेटाळलं: ही वस्तू सिगारेटीहून वेगळी आहे, तिचे दूरचे परिणाम अजून कळलेले नाहीत, तेव्हा खबरदारी म्हणून वेगळे नियम करायला हरकत नाही. मग लॉर्ड कॅलनन यांनी ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहात या नियमांविरुद्ध प्रस्ताव मांडला. जुलै २०१६ मध्ये चर्चा झाली, सदस्यांनी व्हेपरांची बाजूही मांडली, आणि प्रस्ताव मागे घेतला गेला.

गंमत अशी की याच काळात ब्रिटनचं आरोग्य खातं नेमकं उलटं बोलत होतं. पब्लिक हेल्थ इंग्लंडने ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर केलं होतं की व्हेपिंग हे सिगारेटीपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचा तज्ज्ञांचा अंदाज आहे. एप्रिल २०१६ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने सिगारेट ओढणाऱ्यांना व्हेपकडे वळवा असा अहवाल दिला. डॉक्टर म्हणतात घ्या, कायदा म्हणतो थेंबाथेंबाने घ्या.

चौथी आघाडी म्हणजे २३ जून २०१६ चं ब्रेक्झिट मतदान. युरोपातून बाहेर पडलं की युरोपचा नियमही जाईल, या आशेने मत दिलेले व्हेपर मला नंतर भेटले. नियम काही गेला नाही. तो ब्रिटनने स्वतःच्या कायद्यात आधीच उतरवून घेतला होता. ऑगस्ट २०१८ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सच्या विज्ञान समितीने या मर्यादा पुन्हा तपासा असं सुचवलं, तरीही विसाचे एकवीस झाले नाहीत.

मधल्या काळात काय चाललं होतं? जुना माल विकायला दुकानदारांना २० मे २०१७ पर्यंत एक वर्ष मिळालं होतं. त्या वर्षात ब्रिटनच्या फ्रीझरांमध्ये एक अजब सामान जमा झालं. घरी लिक्विड बनवणारे ७२ मिलिग्रॅम ताकदीचं निकोटीन विकत घ्यायचे. ते आता मिळणार नव्हतं. हवा, उजेड आणि उष्णता लागली की निकोटीन पिवळं पडतं, म्हणून गडद काचेच्या बाटल्या, गळ्यापर्यंत भरलेल्या, फ्रीझरच्या तळाशी. माझ्या घरमालकाकडेही दोन होत्या, मटारच्या पाकिटाखाली, वर कवटीचं चित्र आणि नातवंडांसाठी मोठ्या अक्षरात ताकीद. दहा मिलीच्या मर्यादेने जो धोका टाळायचा होता, तोच जवळपास चौपट ताकदीने घराघरात जाऊन बसला. नियम जाहीर होणं आणि लागू होणं यांत वर्षभराची फट ठेवली की लोक ती साठवणुकीने भरतात. रॉकेलच्या रांगा पाहिलेल्या आपल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको.

एक विशेषण

खरं उत्तर मात्र फ्रीझरमधून आलं नाही. ते कलमाच्या व्याख्येतून आलं.

निर्देशात लिक्विडच्या बाटलीची व्याख्या आहे: निकोटीनयुक्त द्रव असलेलं भांडं. सगळ्या मर्यादा त्या एका विशेषणाला टांगलेल्या. लिक्विडमध्ये निकोटीन नसेल तर? तर ते कलम २० च्या लेखी अस्तित्वातच नाही. बाटली शंभर मिलीची करा, आत माहितीपत्रक नको, सहा महिन्यांची वाट नको, एमएचआरएला कळवणं नको. इतर कुठल्याही घरगुती मालाला असतात तेवढे सुरक्षेचे नियम पाळले की झालं.

यातून शॉर्टफिल निघालं. फळं, कस्टर्ड, मेंथॉल, जो काय स्वाद असेल त्याचं शून्य निकोटीनचं लिक्विड ५० मिली, पण बाटली ६० ची. सोबत १० मिलीची निकोटीनची छोटी बाटली, तिला निक शॉट म्हणतात. ती मात्र कायद्यातल्या प्रत्येक अटीत बसणारी: १० मिली, १८ मिलिग्रॅम, पक्कं झाकण, इशारा, नोंदणी. आता चौथीतलं गणित. १० मिली गुणिले १८ म्हणजे १८० मिलिग्रॅम. ते ६० मिलीत पसरलं की प्रति मिली ३. मोठ्या धुराच्या यंत्रांवर तेव्हा बहुतेकांना लागायचे तेवढेच. १०० मिलीच्या बाटलीत दोन शॉट: ३६० भागिले १२०, पुन्हा ३. दुकानदार दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या विकतो, मिसळतं गिऱ्हाईक, स्वतःच्या ओट्यावर. कायदा मोडला कुणी? कुणीच नाही.

टाकीचंही असंच. यंत्र बनवणाऱ्यांनी चार-पाच मिलीच्या टाकीत सिलिकॉनचं बूच घालून जागा दोन मिलीवर आणली. बूच काढायला चिमटा पुरे. काहींनी दोन मिलीच्या टाकीसाठी फुगीर पोटाची काच सुटा भाग म्हणून विकली, आणि सुट्या काचेला व्याख्या लागू होत नव्हती.

हे सगळं वाचून व्हेपरांच्या हुशारीला दाद द्यावीशी वाटते, आणि मीही कित्येक दिवस देत होतो. मग एकदा कामाच्या सवयीने कागदावर दोन रकाने आखले: सरकारला काय दिसतंय आणि काय दिसत नाही. दिसतंय ते निकोटीन, ज्याबद्दल विज्ञानाला शंभर वर्षांपासून माहिती आहे. दिसत नाही तो स्वाद, ज्याची डझनावारी रसायनं तापवून फुप्फुसात घेतल्यावर वीस वर्षांनी काय होतं हेच मुळात कळायचं आहे. बाटलीतल्या साठापैकी पन्नास मिलीचं काहीही कळवणं बंधनकारक राहिलं नाही. कळवलं जातं ते दहा मिलीचं. नोंदणीची तरतूद मुळात अनोळखी घटकांवर नजर ठेवायला होती. मर्यादेने लोकांना अशा बाटलीकडे ढकललं की ती नजरच हटली. प्रकरणातला हा भाग मला सगळ्यात बोचतो. बाटलीच्या आकाराचा हट्ट धरला नसता, तर कदाचित सगळा स्वादही नोंदवहीत आला असता.

छोट्या उत्पादकांनाही तोच हिशोब. वीस स्वाद आणि प्रत्येकाच्या चार ताकदी म्हणजे ऐंशी उत्पादनं, ऐंशी नोंदण्या, प्रत्येकाच्या वाफेची चाचणी. गॅरेजमध्ये लिक्विड बनवणाऱ्याला ते झेपणं शक्य नव्हतं. शून्य निकोटीनचं बनवलं तर एकही नाही.

दोन मिलीला चिकटलेला उद्योग

नियमाने व्हेपिंग मरेल, ही मोहिमेच्या काळातली भीती खोटी ठरली. अॅक्शन ऑन स्मोकिंग अँड हेल्थ या संस्थेच्या पाहणीनुसार ग्रेट ब्रिटनमध्ये २०१६ साली २८ लाख प्रौढ व्हेप करत होते, २०२४ साली ५६ लाख. याच सुमारास सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांचं प्रमाण १५.८ टक्क्यांवरून २०२३ पर्यंत ११.९ टक्क्यांवर आलं.

पण वाढले ते घरमालकासारखे बाटल्या हलवणारे नव्हेत. निकोटीन सॉल्ट, म्हणजे आम्ल मिसळून सौम्य केलेलं निकोटीन आलं, त्याने २० मिलिग्रॅमही घशाला न खरवडता पटकन रक्तात पोचू लागलं. २०१८ च्या जुलैत जूल ही अमेरिकी व्हेप ब्रिटनमध्ये आली. अमेरिकेत तिची ताकद साधारण ५९ मिलिग्रॅम, इथे विसाच्या आत. मग २०२१ पासून वापरून फेकायची रंगीत पेनं. २ मिली, २० मिलिग्रॅम, सुमारे सहाशे झुरके. आकडे ओळखीचे वाटतात ना? जी मर्यादा जास्तीत जास्त म्हणून लिहिली होती, तीच उत्पादनाची रेसिपी झाली. टाकी दोन मिलीचीच ठेवायची असेल तर ती पुन्हा भरायची कटकट कशाला, बॅटरीसकट फेकूनच द्या. २०२३ मध्ये मटेरियल फोकस या संस्थेने काढलेला हिशोब आठवड्याला जवळपास ५० लाख फेकलेल्या व्हेपचा होता. प्रत्येकात एक लिथियम बॅटरी. पावसात भिजलेल्या फुटपाथवर ती गुलाबी-हिरवी नळकांडी मी रोज ओलांडायचो. शाळेच्या बसथांब्याजवळ जास्त.

१ जून २०२५ पासून अशी एकदा वापरायची पेनं ब्रिटनमध्ये बंद झाली. या वेळी दरवाजे ठोठावणारे व्हेपर फारसे दिसले नाहीत. जुन्या जाणत्यांना या पेनांचा रागच होता. पोरांनी आमचं नाव घालवलं म्हणायचे. उत्तर दिलं ते उद्योगाने, आणि ते शॉर्टफिलच्याच वळणाचं होतं. बंदीच्या आधीच दुकानात तेच रूप, तेच स्वाद, जवळपास तीच किंमत, फक्त खाली चार्जिंगचं भोक आणि वर काढता येणारं पॉड, म्हणजे लिक्विडची छोटी टाकी. शिवाय मोठा प्रकार: २ मिलीचं पॉड आणि त्याला वरून जोडलेली १० मिलीची डबी, जी पॉडमध्ये आपोआप झिरपते. टाकीची मर्यादा आणि बाटलीची मर्यादा एकाच यंत्रात एकमेकींच्या डोक्यावर बसवलेल्या. पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो. कायद्याचं कलम प्लास्टिकमध्ये ओतून द्यावं तसं ते दिसतं.

जाता जाता आपल्याकडचं. भारताने ही आकडेमोड केलीच नाही. १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला: बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात, सगळं बंद, साठवणं सोडून बाकीच्यांच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सिगारेट आणि बिडी मात्र टपरीवर होतीच. मुंबई-पुण्याहून ब्रिटनमध्ये शिकायला येणारी मुलं पहिल्याच महिन्यात हे पेन तोंडात धरतात आणि सुट्टीला घरी निघताना विमानतळावर कुणाच्या तरी हातात कोंबतात, ते यामुळे. तो वेगळाच अभ्यास आहे.

रिकाम्या दहा मिलीचं काय

ब्रिटिश अर्थखात्याने शॉर्टफिलकडे लक्ष दिलं होतं, हे २०२४ च्या शरद ऋतूतल्या अर्थसंकल्पात कळलं. १ ऑक्टोबर २०२६ पासून व्हेपच्या लिक्विडवर दर १० मिलीला २ पौंड २० पेन्स कर ठरला. आधीच्या सरकारने निकोटीनच्या ताकदीप्रमाणे तीन पायऱ्या आखल्या होत्या. त्या रद्द झाल्या आणि एकच दर आला, निकोटीन असो वा नसो. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मांडलेल्या तंबाखू आणि व्हेप विधेयकाच्या व्याख्येतही निकोटीन नसलेलं लिक्विड आलं. ज्या विशेषणावर इतकी वर्षं एक अख्खा बाजार उभा होता, ते गाळलं गेलं.

मी घरमालकाला फोन केला. आता तो सत्तरीच्या पुढे आहे. अजून शनिवारी ओटा पुसतो. त्याने हिशोब आधीच करून ठेवला होता: ५० मिलीवर ११ पौंड, निक शॉटवर २.२०, वरून २० टक्के व्हॅट, म्हणजे एका साठच्या बाटलीला १५ पौंड ८४ पेन्स नुसता कर. बाटली स्वतः याहून स्वस्त मिळते. फ्रीझरमध्ये जागा करायला घेतलीय म्हणाला, या खेपेला मटार बाहेर.

मग जरा थांबून त्याने विचारलं, तू या नियमांच्या धंद्यातला आहेस म्हणून विचारतो, बाटलीतल्या रिकाम्या दहा मिलीवर तर कर नाही ना लावलाय?